क्रूझवर थोडी वरची केबिन घ्यावी का? पैसे भरण्याआधीचा हिशोब

क्रूझच्या बुकिंगमध्ये पहिला आकडा क्वचितच शेवटचा ठरतो. इंटेरियर, म्हणजे आतल्या बिनखिडकीच्या केबिनचं भाडं बघून घरात होकार मिळतो आणि पुढच्याच पानावर दिसतं, माणशी थोडे जास्त भरा आणि खिडकीची केबिन घ्या. आणखी थोडे भरले की वरचा डेक, म्हणजे जहाजाचा वरचा मजला, त्याहून थोडे भरले की बाल्कनी. प्रत्येक वेळी फरक छोटाच दिसतो, म्हणून हात पुढे जातो. शेवटी मूळ भाड्याच्या दीडपट रक्कम होते आणि नेमकं काय वाढवून घेतलं ते नीट सांगता येत नाही.

हा निर्णय केबिनच्या नावावरून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्या खोलीत तुम्ही जागेपणी, उजेडात किती तास असणार आणि ती खोली जहाजात नेमकी कुठे आहे, यावर सगळं ठरतं. मराठी प्रवासी बहुधा मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर, नाहीतर सिंगापूरहून तीन-चार रात्रींसाठी पहिल्यांदा क्रूझला जातो. पुढे कधीतरी भूमध्य समुद्र किंवा अलास्का. म्हणून उदाहरणं याच वाटांवरची घेतली आहेत.

आधी फरकाचा खरा आकडा काढा

क्रूझचं भाडं माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून दाखवलेलं असतं. त्यामुळे ‘फक्त 4,000 जास्त’ याचा अर्थ खोलीमागे 8,000 जास्त. एकटे जात असाल तर बऱ्याच कंपन्या दुसऱ्या माणसाचंही भाडं लावतात, म्हणजे हा फरकही एकट्यानेच दोनदा भरायचा. तिसरा आणि चौथा प्रवासी मात्र स्वस्तात येतो. म्हणून चौघांच्या कुटुंबाने नुसता माणशी फरक बघून चालत नाही, दोन्ही केबिनची एकूण रक्कम शेजारी शेजारी ठेवून बघावी. कर आणि बंदर शुल्क धरलेलं आहे का, तेही तपासा. परदेशी कंपन्यांमध्ये रोजची माणशी टिप बिलातच लावतात आणि स्वीटला, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि महाग केबिनला, ती साध्या केबिनपेक्षा जास्त असू शकते. हा खर्च बुकिंगच्या पानावर सहज नजरेत येत नाही.

आता ही रक्कम रात्रींनी भागा. वरचंच काल्पनिक उदाहरण दोन रात्रींच्या सफरीला लावलं, तर खोलीमागे रात्रीला 4,000 होतात. मग कागदावर एक दिवस लिहून काढा. दुपारी बोर्डिंग, त्यानंतर सुरक्षा सराव, जेवण, जहाज सुटताना सगळे वरच्या मोकळ्या डेकवर, रात्री शो. सकाळी नाश्ता आणि बंदरावर उतरणं. उजेड असताना तुम्ही खोलीत जागे असता तो वेळ छोट्या सफरीत दिवसाला तास-दीड तासाच्या पुढे सहसा जात नाही, आणि त्यातला काही आंघोळीत आणि कपडे बदलण्यात जातो. तेवढ्यासाठी 4,000 द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण प्रश्न असा समोर आला की उत्तर सोपं होतं. त्याच पैशात गोव्यात दिवसभरासाठी गाडी होऊ शकते किंवा जहाजावरच्या वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये दोघांचं जेवण होऊ शकतं. तुलना त्या गोष्टींशी करावी.

सात रात्रींची सफर, त्यात दोन-तीन दिवस पूर्ण समुद्रात, असं असेल तर हाच हिशोब उलटतो. दुपारी सगळे पूलवर गर्दी करतात तेव्हा स्वतःची खोली खरोखर वापरली जाते.

नक्की काय वाढतंय ते ओळखा

कंपन्या एका प्रकाराचे पाच-सहा उपप्रकार करतात आणि प्रत्येकाला वेगळं भाडं लावतात. त्यातले बरेचसे उपप्रकार आतून सारख्याच खोल्या असतात. फरक असतो डेकचा, जहाजाच्या पुढच्या, मधल्या किंवा मागच्या भागाचा, किंवा बरोबर मिळणाऱ्या सोयींचा. एमएससी या क्रूझ कंपनीच्या बेला, फँटास्टिका आणि ऑरिया या श्रेणी पाहा. खोलीची जागा आणि बरोबरच्या सोयी बदलतात, खोली मोठी होतेच असं नाही. सेलिब्रिटी या कंपनीच्या जहाजांवर ‘ॲक्वाक्लास’ श्रेणीची केबिन साध्या बाल्कनीच्या केबिनसारखीच असते, पण तिच्याबरोबर ‘ब्लू’ हे वेगळं रेस्टॉरंट मिळतं. रोजचं जेवण शांत जागी व्हावं असं वाटणाऱ्याला ते मोलाचं आहे. शाकाहारी माणसाने मात्र आधी त्या रेस्टॉरंटचा मेनू मागवून बघावा, मगच पैसे द्यावेत. काही श्रेणींमध्ये ‘सोयी’ म्हणजे फळांची टोपली, जाड टॉवेल आणि चेक-इनची वेगळी रांग एवढंच असतं. अशा श्रेणीसाठी पैसे देऊ नयेत, असं मी सरळ सांगेन.

म्हणून बुकिंग करणाऱ्याला दोन्ही केबिनचं क्षेत्रफळ बाल्कनी वगळून विचारा. काही ठिकाणी खोली आणि बाल्कनी मिळून एकच आकडा दिलेला असतो आणि खोली आहे त्याहून मोठी वाटते.

मुंबईच्या ‘एम्प्रेस’बाबत तिचा इतिहास माहीत असला तर अपेक्षा योग्य राहतात. हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नाझेर इथे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलं गेलं. रॉयल कॅरिबियन या कंपनीने ते मायामीहून बहामाजला जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरींसाठी आणलं होतं. छोट्या सफरीत लोक खोलीत कमी राहतात, म्हणून खोल्या लहान ठेवल्या. बाहेरच्या प्रत्येक खोलीला बाल्कनी देण्याची पद्धतही तेव्हा रुळलेली नव्हती. 2021 पासून हेच जहाज कॉर्डेलियासाठी मुंबईहून धावू लागलं. जुन्या रचनेमुळे इथे मुख्य प्रकार राहतात ते इंटेरियर, ओशन व्ह्यू (समुद्राकडे खिडकी असलेली), मिनी स्वीट, स्वीट आणि चेअरमन्स स्वीट. नव्या जहाजांवर ओशन व्ह्यूनंतर सरळ बाल्कनीची साधी केबिन येते, ती पायरी इथे नाही. बाल्कनी हवी तर मिनी स्वीटच्या भाड्याची तयारी ठेवावी लागते. इंटेरियरवरून ओशन व्ह्यूवर गेल्याने खोली एकदम प्रशस्त होईल, अशी आशाही धरू नये. तुम्ही मुख्यतः खिडकीचे पैसे देताय.

खिडकी आणि बाल्कनी

इंटेरियर केबिन दिवा मालवला की पूर्ण काळोखी होते. काहींना तिथे घरच्यापेक्षा गाढ झोप लागते. काहींना सकाळ झाली की नाही तेच कळत नाही आणि जीव घुसमटतो. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं. आवाज बंद करून ती वाहिनी लावून ठेवली की पहाटेचा उजेड खोलीत येतो. ज्यांना बंद जागेची भीती वाटते किंवा ज्यांचं बाळ दुपारी दोन-तीन तास झोपतं, त्यांनी दोन रात्रींसाठीसुद्धा खिडकी घ्यावी. बाळ झोपलेलं असताना आई-वडिलांपैकी एकाला त्याच खोलीत बसून राहावं लागतं, आणि काळोखात बसणं ही शिक्षा होते.

चाळिशीच्या आतले मित्र, कार्यक्रमांसाठी आलेलं जोडपं, पाठ टेकायलाच खोलीवर येणारे लोक यांना छोट्या सफरीत इंटेरियर पुरते. यात काटकसरीचा कमीपणा नाही. जहाजाचा मोकळा डेक सगळ्यांचाच असतो आणि तिथून दिसणारा समुद्र खिडकीतल्या समुद्रापेक्षा मोठा असतो.

ओशन व्ह्यूची खिडकी उघडत नाही, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना बरेचदा माहीत नसतं. हवा खायची असेल तर बाल्कनीच लागते. भाडं विचित्र वाटावं इतकं कमी दिसलं तर त्या खिडकीसमोर लाइफबोट आहे का ते विचारा. अशा केबिनला ‘ऑब्स्ट्रक्टेड’ म्हणतात. यातही प्रकार आहेत. काही ठिकाणी लाइफबोटीचं फक्त वरचं टोक आडवं येतं, काही ठिकाणी अख्खी नारिंगी बोट काचेला टेकून असते. उजेड हवा आणि दृश्याची फिकीर नाही, अशा माणसाला ही केबिन चांगला सौदा आहे. त्या केबिन नंबरचे फोटो किंवा व्हिडिओ इंटरनेटवर बरेचदा सापडतात.

रॉयल कॅरिबियनच्या काही मोठ्या जहाजांवर केबिनची खिडकी किंवा बाल्कनी समुद्राकडे न उघडता जहाजाच्या आतल्या बागेकडे किंवा बाजारपेठेकडे उघडते. किमतीत ती इंटेरियर आणि समुद्राकडची बाल्कनी यांच्या मध्ये बसते. खाली वर्दळ असते, पडदा लावून बसावं लागतं. मला स्वतःला ही पायरी पटत नाही. समुद्र बघायचा तर समुद्राकडे तोंड असलेली खोली घ्यावी, नाहीतर इंटेरियर घेऊन पैसे वाचवावेत.

बाल्कनीची किंमत मार्गावर ठरते. भूमध्य समुद्राच्या सफरीत जहाज जवळपास रोज सकाळी एका बंदरात आणि रात्री प्रवासात असतं. तुम्ही रोममध्ये फिरत असता तेव्हा बाल्कनी धक्क्याकडे तोंड करून रिकामी असते. गोव्यातही जहाज मुरगावच्या मालवाहू बंदरात लागतं, कलंगुटसमोर नाही. सिंगापूरच्या सफरींत दुपारचा उकाडा इतका दमट असतो की बाल्कनीत बसणं सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच जमतं. दार उघडं राहिलं तर खोलीतल्या एसीचा उपयोग होत नाही. याउलट अलास्कात पहाटे साडेपाचला हिमनदी समोर येते, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असते आणि तुम्ही पांघरूण ओढून, हातात चहाचा कप घेऊन स्वतःच्या बाल्कनीत उभे असता. तिथे कर्ज न काढता जमत असेल तर बाल्कनी घ्याच.

डेक प्लॅन वाचायला शिका

साऱ्या हिशोबात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक डेकचा नकाशा असतो. हवी ती केबिन शोधा, मग तिच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा डेक उघडा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप शांत लागण्याची शक्यता उत्तम. हा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी टळतात.

वर पूल डेक असेल तर पहाटे कर्मचारी खुर्च्या ओढून मांडतात, तो आवाज थेट छतातून येतो. वर बुफे असेल तर ट्रॉल्या फिरतात. खाली थिएटर किंवा नाइट क्लब असेल तर मध्यरात्रीनंतरही पलंगात ढोलाचे ठोके जाणवतात. खालच्या डेकवर अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो, तोही नेमका बंदर येताना भल्या पहाटे. अगदी मागे इंजिन आणि पंख्यांची थरथर असते. नकाशावर काहीच न लिहिलेल्या कोऱ्या जागा दिसतात, तिथे सहसा कर्मचाऱ्यांची कामाची जागा, कोठी किंवा लिफ्ट असते. कोऱ्या जागेला लागून असलेली केबिन शक्यतो टाळा. दोन केबिनच्या मध्ये दाराची खूण असेल तर ती कनेक्टिंग केबिन. शेजारी अनोळखी कुटुंब असेल तर त्यांची सगळी बोलणी तुमच्या खोलीत येतात.

ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी तर जागा हेच सर्व काही. जहाज पुढे-मागे वर-खाली होतं ते दोन्ही टोकांना जास्त जाणवतं आणि डाव्या-उजव्या बाजूला डोलतं ते वर जावं तसं वाढतं. आधुनिक जहाजांना पाण्याखाली स्थिरक पंख असतात, ते डावं-उजवं डोलणं कमी करतात, पुढे-मागे होणं त्यांच्याने फारसं कमी होत नाही. म्हणून मध्यभागी आणि खालच्या डेकवर सर्वांत कमी हलतं. पुढच्या टोकाच्या उंच डेकवरची महागडी बाल्कनी घेऊन सफरभर गोळ्या खात पडण्यापेक्षा मधल्या भागातली खालची ओशन व्ह्यू कितीतरी चांगली. क्षितिजाकडे नजर लावली की मळमळ कमी होते, हा खिडकीचा आणखी एक फायदा. ऑक्टोबर ते मे या काळात अरबी समुद्र बहुतांशी शांत असतो. पावसाळ्यात तो खवळतो, म्हणून ‘एम्प्रेस’ही तेव्हा मुंबई सोडून चेन्नईहून श्रीलंकेकडे सफरी करते.

थोडक्यात, ‘वरचा डेक’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर तो वाढीव दर्जा असेलच असं धरू नका. वरून दिसतं थोडं दूरवर, हलतंही जास्त, आणि डोक्यावर पूल असण्याची शक्यताही तिथेच. एवढंच की रोज पूल आणि बुफेकडे चार वेळा जाणाऱ्याचे जिने वाचतात.

बाजू निवडायची सोय असेल तर मुंबई-गोवा मार्गावर ती जरूर वापरा. मुंबईहून दक्षिणेला जाताना पश्चिम उजव्या हाताला येते, म्हणून सूर्यास्त उजव्या बाजूच्या केबिनमधून दिसतो. परतीला तो डावीकडे जातो. अलास्कात एकाच दिशेने उत्तरेकडे जाणाऱ्या सफरीत किनारा बराचसा उजवीकडे राहतो. जाऊन-येऊन सफरीत दोन्ही बाजूंना पाळी मिळते आणि ग्लेशियर बे या तिथल्या खाडीत जहाज हिमनदीसमोर सावकाश गोल फिरवतात. तिथे बाजूसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

बरोबर कोण आहे?

चौघांचं कुटुंब, मुलं दहा-बारा वर्षांची. एजंट सुचवतो, एकच बाल्कनी केबिन घ्या, दोन बर्थ वरून खाली उघडतात. बाल्कनी छान, पण बाथरूम एकच, तेही जेमतेम वळता येईल एवढं, आणि रात्री शिडी उघडली की चालायला जागा उरत नाही. त्याऐवजी शेजारच्या दोन इंटेरियर किंवा समोरासमोर एक ओशन व्ह्यू आणि एक इंटेरियर, याची एकूण किंमत काढून बघा. कधी कधी ती जवळपास तेवढीच येते. दोन बाथरूम, दोन कपाटं, चार खालचे पलंग. सकाळी सहलीला वेळेवर निघायचं असेल तेव्हा दुसरं बाथरूम कुठल्याही बाल्कनीपेक्षा जास्त सुख देतं. मुलांना स्वतंत्र केबिनमध्ये बहुधा नोंदवू देत नाहीत, पण कागदावर एका केबिनमध्ये आई आणि एका मुलाचं, दुसरीत वडील आणि दुसऱ्या मुलाचं नाव टाकून हे करता येतं. बुकिंगच्या वेळीच तसं सांगा.

आई-वडील किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर केबिनच्या प्रकारापेक्षा लिफ्टपासूनचं अंतर बघा. ‘एम्प्रेस’ सुमारे 211 मीटर लांब आहे, तर रॉयल कॅरिबियनचं ‘आयकॉन ऑफ द सीज’ तब्बल 365 मीटर. खोलीवर चष्मा विसरला तर एवढं चालत मागे जावं लागतं. लिफ्टच्या अगदी दाराशी नको, तिथे गलका असतो, पाच-सहा दारं सोडून मिळाली तर उत्तम. बाथरूमच्या उंबरठ्याची उंची आणि आत धरायला दांडी आहे का, तेही विचारा. दिवसाचे बरेच तास खोलीत विश्रांती घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी खिडकी किंवा बाल्कनी पुरेपूर वसूल होते. तिथे पैशांचा फार विचार करू नका. दोन खोल्यांपैकी एकच चांगली परवडत असेल तर ती त्यांना द्या, तुम्ही इंटेरियरमध्ये झोपा आणि संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे घ्या.

मधुचंद्राला जाणाऱ्यांनी बाल्कनी घ्यावी, पण ती वरून दिसते का हे बघून. प्रिन्सेस या कंपनीच्या काही जहाजांवर मिनी स्वीटच्या बाल्कन्या बाहेर झुकलेल्या, वर छत नसलेल्या आहेत, वरच्या मजल्यावरून आत नजर जाते. तिथे एकांत साध्या केबिनच्या बाल्कनीत जास्त मिळतो.

कधी आणि कशा मार्गाने वाढवायची?

टूर कंपनीबरोबर जात असाल तर ग्रुपसाठी बहुधा एकाच प्रकारच्या केबिन घेतलेल्या असतात आणि जाहिरातीत तो प्रकार लहान अक्षरात असतो. पहिला हप्ता भरतानाच वरच्या प्रकाराचा फरक लेखी मागा. शेवटी विचारलं तर केबिनही उरत नाहीत आणि आकडाही वाढलेला असतो. वरची केबिन घेतल्यावर तुम्ही ग्रुपपासून दूर, वेगळ्या डेकवर जाल का, हेही विचारून घ्या.

स्वतः बुकिंग करताना ‘गॅरंटी’ असा एक स्वस्त पर्याय दिसतो. त्यात प्रकार तुमचा, नंबर कंपनीचा. नशिबाने वरची केबिन मिळते, नाहीतर नांगराशेजारची. झोप सावध असणाऱ्याने किंवा बोट लागणाऱ्याने हा पर्याय घेऊ नये. परदेशी सफरीत शेवटचा हप्ता भरायच्या आधी एकदा भाडं पुन्हा बघा. उतरलं असेल तर तेवढ्याच पैशात वरची केबिन बसते का, हे एजंटमार्फत कंपनीला विचारता येतं.

रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या सफरीआधी वरच्या केबिनसाठी बोली लावायचं निमंत्रण पाठवतात. बोलीचा आकडा माणशी असतो आणि तो दोन प्रवाशांना लागतो, एकट्याने गेलात तरी दोनदाच. बोली मंजूर झाली की पैसे परत मिळत नाहीत आणि नवी केबिन कुठली ते कंपनी ठरवते. म्हणजे डेक प्लॅन वाचून, वर-खाली तपासून निवडलेली शांत केबिन एका झटक्यात हातची जाते. जागा काळजीपूर्वक निवडली असेल तर एकाच पायरीसाठी बोली लावू नका. इंटेरियरवरून बाल्कनी किंवा बाल्कनीवरून स्वीट अशी मोठी उडी असेल आणि कमीत कमी बोलीत जमत असेल, तरच लावा.

शेवटची संधी टर्मिनलवर, चेक-इनच्या काउंटरवर मिळू शकते. रिकाम्या राहिलेल्या केबिन तिथे कमी फरकात देऊ करतात आणि मागे रांग असल्यामुळे लगेच हो-नाही सांगायचं दडपण येतं. घरून निघतानाच डेक प्लॅन फोनमध्ये उतरवून ठेवा आणि खोलीमागे जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा जोडीदाराशी ठरवून ठेवा. काउंटरवर चार गोष्टी विचारा: केबिनचा नंबर, सगळ्या करांसह खोलीमागची एकूण रक्कम, खिडकीसमोर काही अडथळा आहे का, आणि पलंग जोडता किंवा वेगळे करता येतात का. नंबर सांगत नसतील तर आहे ती केबिन ठेवा. सांगितला तर रांगेतून बाजूला होऊन त्या केबिनच्या वरचा-खालचा डेक बघा, दोन मिनिटं पुरतात.